जंगलाच्या मातीत बायोचार: नत्राचं नेमकं काय होतं?

प्रश्न असा आहे: कोकणातल्या जांभ्या उतारावर, मालकीच्या जागेत, विरळ झालेलं जंगल पुन्हा उभं करायचं आहे. तिथे माजलेली घाणेरी आणि रानमोडी काढून तिचाच बायोचार (कमी हवेत जाळून केलेला, मातीत घालायचा कोळसा) केला आणि मातीत मिसळला, तर जमिनीतला नत्र (नायट्रोजन) वाढेल का? वाढत असेल तर हेक्टरी किती घालावा?

पहिल्या भागाचं उत्तर आधी देतो. बायोचारने जमिनीतला एकूण नत्र म्हणण्याजोगा वाढत नाही. नत्राची जी वाट त्या मातीत अडलेली असते ती कधी मोकळी होते, आणि जी वाट गळती असते ती कधी थोडी आवळली जाते. म्हणून एका जंगलात दिसलेला परिणाम दुसऱ्या जंगलात दिसेलच असं नाही. किती घालावा हा प्रश्न नंतरचा. आपल्या मातीत नत्र कुठे अडतो आणि कुठून गळतो, हे आधी कळायला हवं.

एकदा हिशेब करून पाहू, म्हणजे ‘खत’ हा शब्द डोक्यातून निघून जाईल. लाकडी बायोचारमध्ये नत्र साधारण अर्धा टक्का असतो. हेक्टरी १० टन घातला, तर कागदावर ५० किलो नत्र आला. पण भट्टीत हा नत्र कार्बनच्या कड्यांमध्ये गुंफला जातो आणि त्यातला अगदी थोडाच मुळांना किंवा जिवाणूंना मिळतो. आता उलट बाजू. उघड्या खड्ड्यातल्या भट्टीत कोरड्या काडीच्या पाचवा हिस्सा बायोचार हाती लागतो असं धरा. म्हणजे १० टनांसाठी ५० टन कोरडा काडीकचरा लागला. त्यात सरासरी ०.६ टक्के नत्र धरला तर ३०० किलो नत्र भट्टीत गेला, आणि त्यातला बहुतेक धुराबरोबर हवेत निघून गेला. त्याच जंगलातला पाला-काटक्या गोळा करून त्याच जंगलासाठी बायोचार करणं हा नत्राच्या दृष्टीने तोट्याचा व्यवहार आहे. घाणेरी काढायचीच असेल तर पानं आणि कोवळे शेंडे झोडपून जागेवरच पडू द्या, कारण नत्र मुख्यतः तिथे असतो. भट्टीत फक्त अंगठ्यापासून मनगटापर्यंत जाडीचं लाकूड घाला. झाडं तोडून कोळसा करण्याचा तर विचारही नको.

आता नत्रचक्र, कामापुरतं. पालापाचोळा कुजतो तेव्हा प्रथिनांतला नत्र अमोनियमच्या रूपात सुटतो. काही जिवाणू आणि आर्किया (जिवाणूंसारखेच सूक्ष्मजीव) त्या अमोनियमचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, हे नायट्रीकरण. अमोनियम धनभारित असल्याने मातीला चिकटून राहतं. नायट्रेट ऋणभारित, ते पाण्याबरोबर खाली झिरपतं. माती पाण्याने भरून हवा संपली की काही जिवाणू नायट्रेटपासून नायट्रस ऑक्साईड आणि शेवटी साधा नायट्रोजन वायू बनवतात. शिवाय जिवाणू आणि बुरशी स्वतःच्या वाढीसाठी नत्र उचलून अंगात अडकवून ठेवतात. बायोचार या प्रत्येक टप्प्यावर हात घालू शकतो, पण सगळीकडे सारख्या जोराने नाही.

सर्वांत नीट अभ्यासलेली जंगलं उत्तरेकडची आहेत. उत्तर स्वीडनच्या पाइन-स्प्रूस जंगलात जमिनीवर आम्लधर्मी ह्युमसचा (अर्धवट कुजलेल्या पाल्याचा) जाड थर असतो, सामू (pH) ४ च्या आसपास. वणवा अनेक दशकं लागला नाही की एम्पेट्रमसारखी खुरटी झुडपं पसरतात. त्यांच्या पानांतून बटाटासिन-३ सारखी फिनॉलं (वनस्पतींनी बनवलेली, इतर वाढीला मारक ठरणारी सेंद्रिय रसायनं) पाझरतात, रोपं उगवायला अडथळा होतो आणि नत्राचं चक्र मंदावतं. १९९६ साली झॅक्रिसन, निल्सन आणि वॉर्डल यांनी दाखवलं की वणव्यातून उरलेला कोळसा ही फिनॉलं शोषून घेतो. साधारण शंभर वर्षांत त्याची शोषणशक्ती संपते, आणि तोच कोळसा पुन्हा तापवला की ती परत येते. म्हणजे कोळशाची छिद्रं नाहीशी होत नाहीत, सेंद्रिय द्रव्यांनी बुजतात.

अमेरिकेतल्या पश्चिम मोंटानाच्या पाँडेरोसा पाइनच्या जंगलात डीलुका आणि सहकाऱ्यांनी याचाच नत्राशी संबंध तपासला. ते काम २००६ मध्ये आलं. वणव्यातून गोळा केलेला कोळसा जंगलाच्या मातीत मिसळल्यावर नायट्रीकरण वाढलं आणि मातीच्या द्रावणातली फिनॉलं घटली. जवळच्या गवताळ मातीत मात्र तोच कोळसा घालून काही फरक पडला नाही, कारण तिथे नायट्रीकरण आधीपासूनच जोरात चालू होतं. या सगळ्या विषयात मला हे दुसरं निरीक्षण सर्वांत मोलाचं वाटतं. अडथळाच नसेल तर दूर होणार काय?

फिनॉलं नायट्रीकरण कसं अडवतात यावर दोन स्पष्टीकरणं आहेत. एक, ती अमोनियम खाणाऱ्या जिवाणूंना थेट घातक ठरतात. दुसरं, ती इतर जिवाणूंना सहज कर्ब (कार्बन) पुरवतात, ते जिवाणू वाढतात आणि अमोनियम आधीच उचलून टाकतात. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात, आणि दोन्हींत कोळसा फिनॉलं काढून घेतो तेव्हा नायट्रीकरणाला वाव मिळतो. पण नायट्रेट वाढलं म्हणजे जंगलाचं भलं झालं असं लगेच मानू नये. १९९८ मध्ये नॅशहोल्म आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की उत्तरेकडच्या जंगलातली झाडं मातीतली अमिनो आम्लं थेट शोषून घेतात. पाइनला नायट्रेटची फारशी गरजच नसते, आणि न वापरलेलं नायट्रेट पावसाबरोबर ओढ्यात जातं.

उत्तरेकडची आणखी एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण ‘बायोचार म्हणजे कर्ब साठवण’ असं सरसकट म्हटलं जातं. वॉर्डल, निल्सन आणि झॅक्रिसन यांनी जाळीच्या पिशव्यांत नुसता ह्युमस, नुसता कोळसा आणि दोघांचं मिश्रण भरून स्वीडनच्या तीन जंगलांत दहा वर्षं ठेवलं. २००८ मध्ये आलेला निष्कर्ष असा: मिश्रणाचं वजन अपेक्षेपेक्षा जास्त घटलं, म्हणजे कोळशासोबत ह्युमस अधिक वेगाने गेला. त्यातलं किती कुजून गेलं आणि किती बारीक होऊन धुपून गेलं, यावर पुढे बराच वाद झाला. नत्राच्या अंगाने याचा अर्थ इतकाच की जाड ह्युमस हाच जिथे नत्राचा साठा आहे, तिथे कोळसा तो साठा लवकर खुला करू शकतो. काही वर्षं झाडांना ते फायद्याचं वाटेल. पण नव्याने काही आलं नाही, आहे तेच खर्ची पडलं.

आता सह्याद्री. इथे जाड आम्लधर्मी ह्युमस नसतो. पाला एका पावसाळ्यात बराचसा कुजतो. ऐन, किंजळ, साग, खैर यांच्या जंगलात नायट्रीकरण मोकळेपणाने चालतं. इथे नत्राची घडी पावसाशी बांधलेली आहे. बनारस हिंदू विद्यापीठातल्या जे. एस. सिंह आणि सहकाऱ्यांनी विंध्य भागातल्या शुष्क पानझडी जंगलावर १९८९ मध्ये जे मांडलं ते आपल्याकडे तंतोतंत लागू पडावं: उन्हाळ्यात जिवाणूंच्या शरीरात कर्ब, नत्र आणि स्फुरद (फॉस्फरस) साठलेला असतो. पाऊस पडताच जिवाणूंचं वस्तुमान घटतं आणि तो साठा झाडांच्या वाढीच्या ऐन वेळी मोकळा होतो. पहिल्या दोन-तीन सरींनंतर मातीत नायट्रेटची लाट येते. मुळं जागी झालेली असतील तर ती झाडांना मिळते, नसतील तर जांभ्यातून खाली जाते किंवा नायट्रस ऑक्साईड होऊन उडते. विरळ जंगलात मुळंच कमी असतात, म्हणून गळती जास्त.

तेव्हा कोकणात बायोचारकडून नायट्रीकरण वाढण्याची अपेक्षा करू नका, आणि वाढलं तर ते बहुतेक वेळा नकोच आहे. इथे अपेक्षा असावी ती गळती थोडी थोपवण्याची, आम्लता सौम्य करण्याची आणि स्फुरद-पालाशाच्या (फॉस्फरस-पोटॅशियमच्या) वाटेने मदत होण्याची. व्हिटोसेक यांनी १९८४ मध्ये पालापाचोळ्याच्या आकड्यांवरून दाखवलं होतं की उष्ण कटिबंधातल्या सखल जंगलांत नत्रापेक्षा स्फुरदाची चणचण जास्त असते. जांभ्यात लोह-अॅल्युमिनियमची ऑक्साईडं स्फुरद घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे ही गोष्ट आणखी महत्त्वाची. बायोचारची राख आणि सामू स्फुरद थोडा मोकळा करतात. खैर, शिरीष, करंज यांसारखी झाडं मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंच्या मदतीने हवेतला नत्र बांधतात, पण स्फुरदाअभावी ते नीट होत नाही. माझ्या मते कोकणात बायोचारमुळे नत्र खरोखर वाढवायचा तर तो या झाडांमार्फतच वाढेल. कोलंबियात घेवड्यावर केलेल्या कुंडीतल्या प्रयोगात हवेतून बांधलेल्या नत्राचा वाटा ५० टक्क्यांवरून ७२ टक्क्यांपर्यंत गेला होता, पण तो किलोभर मातीत ९० ग्रॅम इतक्या अवाढव्य मात्रेवर, आणि त्या मात्रेला पिकाची वाढ उलट घटली होती. दिशा कळते, मात्रा उचलू नये.

अमोनियम धरून ठेवण्याबद्दल फार मोठे दावे केले जातात, म्हणून तोही हिशेब करू. बायोचारची कॅटायन विनिमय क्षमता, म्हणजे धनभारित कण धरून ठेवायची ताकद, किलोला ३० सेंटिमोल धरा. ताज्या लाकडी कोळशाची बहुधा याहून कमीच असते. १० टनांत ३००० मोल भार झाला. सगळ्या जागांवर अमोनियम बसलं तर ४२ किलो नत्र. प्रत्यक्षात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पालाश बहुतेक जागा पटकावतात आणि अमोनियमच्या वाट्याला काही टक्केच येतात. म्हणजे एका वेळी हेक्टरी किलो-दोन किलो, फार तर चार. पावसाच्या पहिल्या लाटेत हे फेरे पुन्हा पुन्हा होत असल्याने उपयोग आहे, पण याला नत्राची कोठी म्हणू नये. नायट्रेटची गोष्ट निराळी. ताजा बायोचार नायट्रेट जवळपास धरत नाही. कंपोस्टबरोबर मुरलेला मात्र छिद्रांत सेंद्रिय थर तयार झाल्याने नायट्रेट अडवतो. कामान आणि सहकाऱ्यांनी हे २०१५ मध्ये स्पष्टपणे दाखवलं. कोकणात बायोचार मुरवल्याशिवाय घालू नये या आग्रहामागे मुख्य कारण हेच आहे.

नायट्रस ऑक्साईडबद्दल दोन शब्द. शंभर वर्षांच्या मापाने त्याचा एक किलो कार्बन डायऑक्साईडच्या २७३ किलोंइतकी उष्णता अडवतो. प्रयोगांचं एकत्रित विश्लेषण केल्यावर बायोचारने हा वायू २०१४ च्या आकड्यांत सरासरी ५४ टक्के आणि २०१९ च्या मोठ्या संचात ३८ टक्के घटलेला दिसला. पण त्यातले बहुतेक प्रयोग खत दिलेल्या शेतजमिनीचे. उत्तर स्वीडनच्या पाइन वनात हेक्टरी १० टन बायोचार घालून काही वर्षांनी मोजलं तेव्हा झाडांची वाढ जास्त भरली, तरी या वायूत फरक सापडला नाही (२०२१). जिथून वायू मुळातच नगण्य निघतो तिथे कमी काय होणार! जांभ्या मातीत फरक पडला तर तो सामूमुळे पडेल. सामू ६ च्या खाली गेला की नायट्रस ऑक्साईडचं नायट्रोजनमध्ये रूपांतर करणारं विकर (एन्झाइम) नीट घडत नाही आणि साखळी मधेच तुटते. बायोचारमध्ये चुन्याइतकी ताकद ५ टक्के धरली तर १० टनांतून हेक्टरी ५०० किलो चुन्याइतका परिणाम मिळतो. तो वाईट नाही, पण कायमचाही नाही.

पहिल्या वर्षी रोपं पिवळी पडली अशी तक्रार वारंवार येते. कारण सोपं आहे. बायोचारचं कर्ब:नत्र गुणोत्तर १५० च्या पुढे असतं, पण सगळा कर्ब जिवाणूंच्या उपयोगाचा नसतो. साधारण ३ टक्केच काही महिन्यांत कुजतो. १० टनांत साडेसात टन कर्ब, त्याचे ३ टक्के म्हणजे २२५ किलो. त्यातला ४० टक्के, म्हणजे ९० किलो, जिवाणूंच्या शरीरात गेला आणि त्यांचं गुणोत्तर ८ धरलं तर सुमारे ११ किलो नत्र अडकला. मोठ्या झाडांना याचं काही नाही. खड्ड्यातल्या रोपाभोवती सगळा बायोचार एकवटलेला असतो, तिथे हाच हिशेब जाणवतो. भट्टी नीट पेटली नसेल आणि कोळशात डांबरी अंश राहिला असेल तर हा आकडा कित्येक पट वाढतो.

म्हणून भट्टीकडे लक्ष द्या. ३५०-४०० अंशांवरचा कोळसा पृष्ठभागावर जास्त आम्लगट आणि जास्त चिकट द्रव्यं ठेवतो. ५५०-६५० अंशांवरचा जास्त सच्छिद्र, स्थिर आणि जास्त सामूचा असतो. आपल्या कामाला दुसरा बरा. त्यासाठी महागडी यंत्रं लागत नाहीत. वर दीड मीटर व्यासाचा, पाऊण ते एक मीटर खोल, बाजू तिरप्या असलेला शंकूसारखा खड्डा पुरतो. घाणेरी ऑक्टोबरमध्ये कापून दोन महिने वाळवा. काडी वाकवली की कडकन मोडली पाहिजे. डिसेंबर-जानेवारीत, वारा पडलेल्या सकाळी, भोवतीचा पाला पाच मीटर साफ करून, पाणी आधी भरून ठेवून पेटवा. फेब्रुवारी ते मे हा वणव्यांचा काळ, तेव्हा भट्टी अजिबात नको. आग तळाशी पेटवून पातळ थर घालत जा. वरच्या थरावर पांढरी राख दिसू लागली की पुढचा थर टाकायचा. ज्वाळेचं झाकण सतत राहिलं तर खालचा कोळसा हवेअभावी जळत नाही. धूर दाट आणि पांढरा झाला तर काडी ओली आहे किंवा थर जाड झाला. शेवटी भरपूर पाण्याने विझवा आणि दुसऱ्या दिवशी हात घालून पुन्हा तपासा. आत धुमसता निखारा राहिला तर सकाळी फक्त राख उरते.

तयार कोळसा ओल्या हाताने चोळून साध्या पाण्याने धुवा. काळेपणा सहज गेला तर ठीक. तेलकट राहिला आणि साबण लागला तर डांबर शिल्लक आहे. तो माल पुन्हा पुढच्या भट्टीत घाला. एक भाग बायोचार, वीस भाग पाणी घेऊन सामू पाहा. १० च्या वर गेला तर राख जास्त आहे, दोन पाण्याने धुवून घ्या. रंग दिलेलं लाकूड, प्लायवूड, प्लास्टिक कशाबरोबरही चालणार नाही.

मुरवताना एक नुकसान हमखास होतं. ताज्या, १० सामूच्या कोळशावर गोमूत्र ओततात आणि डोळे झोंबणारा वास सुटतो. तो वास म्हणजे अमोनिया, म्हणजे हवेत चाललेला नत्र. सामू ७ ला अमोनियमचा अर्धा टक्का अमोनियाच्या रूपात असतो, ८ ला ५ टक्के, ९ ला तिसऱ्या हिश्शाहून जास्त. म्हणून कोळसा आधी धुवा, ओला करा, वाटाण्याएवढा फोडा (कोरडा फोडू नका, धूळ फुप्फुसात जाते), आणि एक घमेलं कोळशाला तीन ते चार घमेली शेणखत व अर्धवट कुजलेला पाला या प्रमाणात सुरुवातीपासूनच ढिगात मिसळा. ओल पिळल्यावर थेंब येईल न येईल इतकी. दर दोन आठवड्यांनी उलथा. दोन ते तीन महिन्यांत मुरतो. जानेवारीत भट्टी झाली तर एप्रिलअखेर माल तयार असतो.

उभ्या जंगलात बायोचार पसरून नांगरू नये. वरच्या १० सेंटिमीटरमध्ये पोषक मुळं आणि बुरशीचं जाळं असतं, ते तुटलं तर वर्षानुवर्षांचं नुकसान होतं. पृष्ठभागावर नुसता टाकला तर कोरडा कोळसा पहिल्या जोराच्या सरीत तरंगत ओढ्याला लागतो. दोनच जागा योग्य आहेत. एक, नवीन लागवडीचे खड्डे. ४५ सेंटिमीटर लांबी-रुंदी-खोलीच्या खड्ड्यात सुमारे ९१ लिटर माती बसते, वजनाने ११० किलोच्या आसपास. त्यात एक ते दीड किलो कोरड्या वजनाचा मुरवलेला बायोचार, म्हणजे वजनाने दीड टक्क्याच्या आत. खालच्या दोन तृतीयांश मातीत मिसळायचा, वर मातीचा थर आणि त्यावर पाल्याचं आच्छादन. ३ बाय ३ मीटरला हेक्टरी १,१११ खड्डे होतात, म्हणजे दीड किलोने हेक्टरी पावणेदोन टनांहून कमीच लागतो. दहा टनांची गरजच नाही. दुसरी जागा, आधीच्या झाडांसाठी चढाच्या बाजूला काढलेले अर्धचंद्राकृती चर: तळाशी दोन-तीन सेंटिमीटर मुरवलेला बायोचार, त्यावर माती आणि पाला. वाहत येणारं पाणी आणि त्यातलं नायट्रेट तिथेच मुरतं. रोपवाटिकेत पिशवीच्या मिश्रणात घनफळाने ५ ते १० टक्के पुरे. त्याहून जास्त घातला तर रोपं पिवळी पडू शकतात. काम मेअखेर उरकावं, म्हणजे पहिल्या सरींची नायट्रेटची लाट येण्याआधी कोळसा जागेवर असेल.

विदर्भातल्या काळ्या जमिनीवरच्या सागवनात हे सगळं तसंच उचलू नका. तिथे सामू ७.५ ते ८ असतो, विनिमय क्षमता मुळातच भरपूर असते, चुन्याची गरज नसते. राखट बायोचारने सामू आणखी चढला तर अमोनिया उडण्याचाच धोका. शिवाय तिथल्या आणि सह्याद्रीतल्या अनेक पानझडी जंगलांत तेंदू-मोहाच्या हंगामातल्या वणव्यांचा कोळसा मातीत आधीच आहे. मूठभर माती २ मिलिमीटर चाळणीतून चाळून काळे कण पाहा. ते भरपूर असतील तर नवीन घालून दिसणारा फरक छोटाच राहील. आणि राखीव वनात, हेतू कितीही चांगला असला तरी, वनखात्याच्या परवानगीशिवाय काडी उचलणं किंवा भट्टी पेटवणं भारतीय वन अधिनियम १९२७ खाली गुन्हा ठरतो.

परिणाम मोजण्यात सर्वाधिक गोंधळ होतो, म्हणून त्यावर थोडं सविस्तर. माती परीक्षण केंद्रातल्या ‘उपलब्ध नत्र’ या आकड्यावर इथे विसंबू नका. तो क्षारीय परमँगनेटने सेंद्रिय नत्राचा काही भाग तोडून मिळवलेला असतो, अमोनियम आणि नायट्रेट वेगळे दाखवत नाही. काही ठिकाणी तर सेंद्रिय कर्बावरूनच नत्राची प्रत ठरवतात, आणि बायोचार घातल्यावर कर्बाचा आकडा फुगतो. सेंद्रिय कर्ब मोजायच्या वॉकले-ब्लॅक पद्धतीत कोळशाचा काही भागच मोजला जातो, किती ते कोळशागणिक बदलतं. अहवालात ‘नत्र मध्यमवरून भरपूर’ झाला म्हणून आनंद करू नये, तो फक्त कोळसा दिसतो आहे.

अमोनियम आणि नायट्रेट २ मोलर पोटॅशियम क्लोराईडने काढून मोजावेत: १० ग्रॅम ताजी माती, १०० मिलिलिटर द्रावण, एक तास हलवून गाळायचं. नमुने बर्फाच्या पेटीतून आणून एक-दोन दिवसांत काढले नाहीत तर पिशवीतच खनिजीकरण (सेंद्रिय नत्राचं अमोनियम-नायट्रेट होणं) होऊन आकडे बिघडतात. बायोचारच्या मातीत आणखी एक दक्षता लागते. छिद्रांत अडकलेलं नायट्रेट एका तासात बाहेर येत नाही, त्यामुळे बायोचारने नत्र घटवला असा खोटा निष्कर्ष निघतो. काही नमुन्यांत ठाऊक मात्रेचं अमोनियम आणि नायट्रेट आधी मिसळून किती परत मिळतं ते पाहा. ९० टक्क्यांच्या खाली असेल तर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा काढा आणि बेरीज धरा.

महिन्याचं निव्वळ खनिजीकरण पाहायला पुरलेल्या पिशवीची पद्धत पुरेशी आहे. ० ते १० सेंटिमीटरचे शेजारीशेजारी मातीचे दोन गाभे (नळीने काढलेले दंडगोल) काढा. एक लगेच मोजा. दुसरा पातळ पॉलिथिनच्या पिशवीत बांधून त्याच खड्ड्यात ३० दिवस ठेवा. नंतरच्या अमोनियम-नायट्रेटच्या बेरजेतून आधीची वजा करा. पिशवीत पाणी जात-येत नाही, म्हणून पावसाळ्यात बाहेरच्यापेक्षा नायट्रेट जास्त दिसतं; ही गळती नसलेल्या मातीची क्षमता आहे असं समजून वाचा. प्रयोगशाळेत माती उबवायची तर दोन्ही मातींना ‘जलधारणेच्या ६० टक्के’ पाणी देऊ नका, कारण बायोचारने जलधारणाच बदललेली असते आणि तुलना हवेची होते, नत्राची नाही. छिद्रांतल्या पाण्याचं प्रमाण सारखं ठेवा.

शेवटचा मुद्दा तुलनेच्या ताटव्यांचा. नुसती ‘बायोचार’ आणि ‘काहीच नाही’ अशी तुलना केली तर दिसलेला फरक कोळशाचा, चुन्याचा की शेणखताचा हे कळणार नाही. निदान पाच प्रकार ठेवा: काहीच नाही, तेवढ्याच ताकदीचा चुना, तेवढंच शेणखत, नुसता धुतलेला बायोचार, आणि मुरवलेला बायोचार. प्रत्येकाचे चार ताटवे, ५ बाय ५ मीटरचे, मधे दोन मीटर मोकळे, आणि उतारावर वरपासून खालपर्यंत प्रत्येक पट्ट्यात पाचही प्रकार येतील असे. नमुने मेअखेर, पहिल्या सरींनंतर आठवड्याच्या आत, ऑगस्टमध्ये आणि ऑक्टोबरअखेर घ्या. चुन्याच्या आणि बायोचारच्या ताटव्यांत सारखाच फरक आला, तर पुढच्या वर्षी भट्टी न पेटवता चुना टाकावा आणि घाणेरीचं लाकूड उतारावर आडवं रचून पाला अडवायला वापरावं. जंगलासाठी ते जास्त उपयोगाचं.